टाकीवरची सरपंचबाई

सर्जेराव गुरुजींची पहिली कॅसेट धर्मराजानं जालन्याहून आणली, तेव्हा उषाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. टेप दारातल्या फळीवर ठेवला होता. कॅसेटीत गुरुजी एका मंत्र्याची नक्कल करत होते. मंत्री हातपंपाचं उद्घाटन करायला आलेला. हार झाले, भाषण झालं, आणि मंत्री दांडा हापसायला लागला. हापसतोय, हापसतोय, पाण्याचा पत्ता नाही. फोटोवाला म्हणतो, साहेब, जरा हसून. मंत्री हसून हापसतो. टोपी ओली, कोट ओला, शेवटी नाकावरून घामाची धार लागते, आणि सचिव खाली बादली सरकवून म्हणतो, "साहेब, पाणी लागलं."

भाकरी तव्यावर करपली. उषाबाई पदर तोंडात कोंबून हसत होती आणि धर्मराज दाराच्या चौकटीला धरून.

त्या काळात अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात गुरुजींना ओळखत नाही असा माणूस सापडला नसता. कुंभार पिंपळगावच्या बाजूचे, शाळेतली नोकरी सोडून नकलांच्या मागं लागलेले. सभेत पुढारी यायच्या आधी दोन तास माणसं बसवून ठेवायची तर गुरुजींना बोलवावं लागे. लोक म्हणत, हा एकटाच माणूस आहे जो मंत्र्याच्या तोंडावर मंत्र्याला बोलतो. उषाबाईलाही तसंच वाटायचं.

शहागडहून सात किलोमीटर आत असलेलं तिचं गाव. सगळे त्याला नुसतं वाडी म्हणत. पंचाण्णव साली सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तेव्हा गावचे पुढारी तातेराव धर्मराजाच्या ओसरीवर येऊन बसले. आजवर सरपंच तेच होते. म्हणाले, "वहिनी सातवी शिकलेल्या हायेत. सही करता येती. बाकीचं आपण बघू." धर्मराजाला बरं वाटलं. उषाबाईला कुणी विचारलं नाही, पण तिलाही वाईट वाटलं नाही.

दोन वर्षं तिनं सह्या केल्या. ठराव वाचून सही करायची ही एक खोड तिला होती, आणि वाचायला वेळ लागतो म्हणून ग्रामसेवक कुरकुर करायचा, एवढंच. मग पाण्याची टाकी आली. मारुतीच्या देवळामागं, चार खांबांवर, गावातलं सगळ्यात उंच काम. काम तातेरावांच्या मेव्हण्याकडं होतं. सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर तातेरावांनी कागद पाठवला, की टाकी पूर्ण झाली, ग्रामपंचायतीनं ताबा घेतल्याची सही करावी.

उषाबाईनं पाणी सोडणाऱ्या कडूबाला विचारलं. कडूबा पंचायतीचा शिपाई, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "ताई, मी काय सांगू. तुमी सोता बघा."

तर ती बघायला गेली. दुपारची वेळ, माणसं शेतात. पदर खोचला आणि लोखंडी शिडीनं वर चढली. कडूबा तिच्या मागून दोन दांडे खाली. वर पोचल्यावर तिनं स्लॅबच्या कडेला बोट लावलं तर सिमेंट भाकरीच्या पिठासारखं निघालं. एका जागी सळई उघडी होती. तिनं एक ढेकूळ पदरात बांधलं आणि उतरायला वळली, आणि खाली नजर गेली. हातपाय लाकडासारखे झाले. शिडी हलतेय असं वाटलं.

"ताई, खाली बघू नका," कडूबा म्हणाला. "भिंतीकडं बघा. डावा पाय खाली. अजून. हां, बराबर. आता उजवा." प्रत्येक पाऊल त्यानं आपल्या हातानं दांड्यावर टेकवलं. उतरायला अर्धा तास लागला. तोवर देवळापाशी सात-आठ माणसं जमली होती.

तिनं सही केली नाही. ते ढेकूळ तिनं बैठकीत टेबलावर ठेवलं आणि बोटानं चुरून दाखवलं. तातेराव चहा पिऊन उठले.

पुढच्या फेब्रुवारीत तातेरावांचा पन्नासावा वाढदिवस शहागडच्या शाळेच्या मैदानावर झाला. दुपारी तीनचा कार्यक्रम. आसपासच्या तीस-चाळीस गावांतली माणसं, ट्रकमधून आणलेली. सरपंच म्हणून उषाबाईला बायकांत पुढची खुर्ची मिळाली. ती खास गुरुजींसाठी गेली होती. आजवर फक्त आवाज ऐकला होता, माणूस बघितला नव्हता.

गुरुजी लहानखुरे निघाले. पांढरा सदरा, काखेत छत्री. माईकपुढं नुसते उभे राहिले तरी माणसं हसायला लागली. त्यांनी आमदार केला, कलेक्टर केला, हातपंपाचा मंत्री केला. उषाबाईला शब्द न् शब्द पाठ होता तरी ती हसली. मग गुरुजी म्हणाले, आता बायकांचं राज आलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा डोक्यावर घेतला, पदरासारखा, आणि एक बाई झाले. बाई कागद उलटा धरून वाचते. ग्रामसेवक म्हणतो, सरपंचबाई, कागद उलटा हाये. बाई म्हणते, माझ्या बाजूनं सुलटाच हाये, तुमीच इकडून या.

उषाबाई हसली. शेजारच्या बाईच्या मांडीवर थाप मारून हसली.

मग त्या बाईनं पदर खोचला आणि छत्रीची शिडी करून चढायला लागली. उषाबाईचं हसू अजून ओठांवरच होतं. बाई टाकीवर गेली, कमरेवर हात ठेवून चौफेर बघितलं, म्हणाली, "अगं बया, इथून तर माहेर दिसतंय." मैदान फुटलं. आणि मग ती उतरायला वळली, खाली बघितलं, आणि बारीक, रडक्या आवाजात ओरडली, "मालक, आता उतरू कसं हो?"

ती बाई आपणच, हे आता उषाबाईला पक्कं कळलं. आजूबाजूच्या बायका तिच्याकडं बघत होत्या आणि हसत होत्या. काही मायेनं हसत होत्या, तेही तिला कळत होतं. गुरुजी थांबले नाहीत. आता ते शिडीच्या खालचा शिपाई झाले. मान वर करून, डोळे मोठे करून, लुगड्याकडं बघत. "उतरा बाई, सावकाश उतरा. घाई न्हाई. मला बिलकुल घाई न्हाई." बाप्या माणसांत लोक अक्षरशः एकमेकांच्या अंगावर पडत होते. मंचावर तातेराव रुमालानं डोळे पुसत होते.

उषाबाईला उठून जायचं होतं. पण उठली असती तर सगळ्यांनी बघितलं असतं. म्हणून बसून राहिली. पुढं काय झालं, किती वेळ झालं, तिला आठवत नव्हतं. ओठांवरचं हसू मात्र तिनं काढलं नाही, कारण ते काढलं तर खाली काय दिसेल याची तिला भीती वाटली.

पंधरा दिवसांत ती नक्कल कॅसेटीवर आली. शहागडच्या हॉटेलात, अंतरवालीच्या चौकात, जीपमध्ये, लग्नाच्या मांडवात वाजायला लागली. ग्रामसभेत उषाबाई टाकीचा विषय काढायला उभी राहिली की मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणायचं, "मालक, आता उतरू कसं हो?" आणि सभा संपायची. अंबडला पंचायत समितीत ढेकूळ घेऊन गेली तर साहेबानं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि तोंडावर फाईल धरली. फाईल हलत होती.

कडूबा तिच्या दारावरून जायचा बंद झाला. लांबून वळसा घेऊन जायचा. त्याची बायको साळूबाई, आडावर उषाबाई दिसली की, कळशी अर्धी भरूनच उचलायची.

मार्चमध्ये एका बाजारच्या दिवशी उषाबाई शहागडला एसटीची वाट बघत होती. हायवेच्या कडेच्या हॉटेलात गुरुजी एकटेच बसलेले दिसले. पुढ्यात चहा, गालाला रुमाल लावलेला. तिनं क्षणभर विचार केला आणि आत गेली.

"गुरुजी, मी वाडीची सरपंच."

गुरुजींनी वर बघितलं. ओळखलं. "बसा, ताई. दाढ लई ठणकून राह्यली. बोलायला त्रास हाये."

"शिपायाचं तेवढं काढून टाका," ती म्हणाली. "माझं राहू द्या. त्या माणसानं माझे पाय धरधरून मला खाली उतरवलं. पाप नव्हतं त्याच्या मनात."

"ते मला ठाऊक हाये."

"मंग?"

गुरुजींनी चहा बशीत ओतला. प्यायले नाहीत. "तुमी व्हता ना त्या दिवशी मैदानात? पुढच्या खुर्चीवर?"

"व्हते."

"हसल्या का?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "हसले. माझीच गोष्ट हाये हे कळायच्या आधी."

गुरुजी पहिल्यांदाच नीट तिच्याकडं वळले. गालावरचा रुमाल खाली आला. "कुठपर्यंत हसल्या? कागद उलटा तिथपर्यंत, का माहेर दिसतंय तिथपर्यंत?"

ती बघतच राहिली. त्या माणसाच्या डोळ्यांत टिंगल नव्हती. आस्था होती, जशी धर्मराजाला कपाशीच्या बोंडाची असते.

"माहेराच्या आधी," ती म्हणाली. "बाई शिडी चढायला लागली तिथं थांबलं."

"मंग कागदाचं बराबर हाये," गुरुजी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "माहेराला मला जरा शंका व्हती. पण बाकीची माणसं हसली." मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. "ताई, तुमाला वाटत असंल मी वैरी हाये. मंत्री मला घरी बोलावतात ठाऊक हाये का? म्हणतात, माझी नक्कल कर, लेकरांना बघायचीय. एक साहेब रुसला माझ्यावर, का, तर कॅसेटीत त्याला घेतलं न्हाई म्हणून. त्यांना काही होत न्हाई माझ्या बोलण्यानं. लोकांनाबी ते ठाऊक हाये. तुमच्यात त्यांना काहीतरी नवीन दिसलं."

"तातेरावांनी सांगितलं तुमाला हे सगळं?"

"तातेरावांनी फक्त म्हणलं, बाई सरपंचावर काही करा. टाकीचं मला तुमच्या मालकांनी सांगितलं. इथंच, त्या बाकड्यावर. त्यांना ठाऊक नव्हतं मी कशाला विचारून राह्यलो. लई कौतुकानं सांगत व्हते."

एसटी आली आणि गेली. उषाबाई पुढच्या गाडीनं गेली.

घरी धर्मराज बैलांना पाणी दाखवत होता. तिनं पिशवी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "टाकीवर मी अडकले, ते गुरुजींना तुमी सांगितलं?"

धर्मराजानं बादली खाली ठेवली. बैलाच्या मानेवर हात फिरवत राहिला. "मी हसत हसत सांगितलं," तो म्हणाला. "माझी बायको टाकीवर चढली म्हणून सांगितलं. एवढा मोठा माणूस जवळ बसवून चहा पाजतो, विचारतो. मला वाटलं, तुझं नाव व्हईल."

"झालं की."

"मला काय ठाऊक, असं करतील."

"तुमी हसल्ता का मैदानात?"

त्यानं बादली उचलून दुसऱ्या बैलापुढं ठेवली. बायकांच्या पुढच्या रांगेतून तिला मागं बसलेला धर्मराज दिसला नव्हता. आता दिसला. त्या रात्री दोघं जेवली, पण एकमेकांशी बोलली नाहीत, आणि पुढं बरेच दिवस कामापुरतंच बोलली.

मे महिन्यात अविश्वास ठराव आला. कारण लिहिलं होतं, गावाची बदनामी झाली. तहसीलदारांनी नऊ सदस्यांना हात वर करायला सांगितलं. सात हात वर गेले. एक हात तिच्या चुलत दिराचा होता. बाहेर पोरं जमली होती आणि ती दारात आल्यावर त्यातल्या एकानं ते वाक्य म्हणून दाखवलंच. तिच्या जागी तातेरावांची बायको, कौसल्या, सरपंच झाली. पहिल्या आठवड्यात तिनं टाकीचा ताबा घेतला. टाकीकडं ती कधी गेली नाही. उषाबाईला तिचा राग आला नाही. तीन वर्षांपूर्वी ती स्वतःही तशीच बसवली गेली होती.

टाकी दोन उन्हाळे टिकली. सन दोन हजारच्या एप्रिलमध्ये, सकाळी आठच्या सुमाराला, उषाबाई गोठ्यात असताना आधी एक करकर ऐकू आली, मग एक आवाज, आणि मग बराच वेळ पाण्याचाच आवाज. ती धावली तेव्हा देवळापर्यंत चिखल झाला होता. तीन खांब उभे, चौथा आडवा, आणि मध्ये टाकीचं भांडं फुटून पडलेलं. कडूबा पाण्याचा वॉल सोडायला टाकीखाली बसला होता. पहाटे चारपासून मोटार चालू ठेवून त्यानं टाकी काठोकाठ भरली होती, कारण त्या दिवशी गावात लग्न होतं.

त्याच्यावरचा स्लॅब उचलायला शहागडहून क्रेन आणावी लागली. संध्याकाळ झाली. साळूबाई तोवर चिखलात बसून होती आणि उषाबाई तिच्या शेजारी. दोघींत दोन वर्षांनी पहिल्यांदा बोलणं झालं ते एवढंच, की साळूबाई म्हणाली, "बाई, त्यांची चप्पल सापडली का बघा." चप्पल सापडली नाही.

गुन्हा दाखल झाला. मेव्हणा चार दिवस आत राहून बाहेर आला. खटला अंबडच्या कोर्टात पडून राहिला. आता गावातली माणसं उषाबाईच्या ओसरीवर यायला लागली. अविश्वासाला हात वर केलेलेही आले. म्हणाले, तुमचंच खरं झालं. पावसाळ्यानंतर निवडणूक आहे, तुम्ही उभ्या राहा. चुलत दीर म्हणाला, "वहिनी, आता तर सर्जेराव गुरुजी आपल्याकडून येणार हायेत. त्यांनी टाकीवर नवीन नक्कल बसवलीय. तातेरावाला पार उभा चिरलाय."

उषाबाई नाही म्हणाली. कारण विचारलं तर सांगितलं नाही. धर्मराजानं तिच्या बाजूनं फक्त एवढंच म्हटलं, "ती न्हाई म्हणून राह्यली ना. मंग न्हाई."

पण गुरुजी आले. मारुतीच्या पारापुढं, दिवस मावळायच्या आत, मैदानावर पोरासोरांसकट सगळं गाव. उषाबाईला जायचं नव्हतं. साळूबाई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "लोक म्हणतात, आमच्या मालकाचं सांगणार हायेत. मला ऐकायचंय. एकटी कशी जाऊ?" म्हणून ती गेली. दोघी बायकांच्या मागं, लिंबाखाली बसल्या.

गुरुजी म्हातारे दिसत होते. दाढा काढल्यानं गाल आत गेलेले. पण माईकपुढं उभे राहिले आणि तसंच झालं, माणसं आधीच हसायला लागली. त्यांनी मेव्हणा केला, जो वाळूच्या ढिगात सिमेंट शोधतोय आणि चिमूटभर सापडल्यावर ते देवाला वाहतोय. इंजिनिअर केला, जो लांबूनच टाकीला नमस्कार करून दाखला देतो, का, तर जवळ जायला घाबरतो. शेवटी टाकी पडली. सगळं गाव बादल्या घेऊन धावलं. तातेराव हात वर करून म्हणाले, "घाबरू नका. एक थेंब सांडला न्हाई. टाकीत पाणी व्हतंच कधी?"

मैदान हसलं. कौसल्येच्या भावकीतली माणसंही हसली. उषाबाईनं स्वतःचा चेहरा चाचपून बघितला. हसू आलं नव्हतं. पण ती गोष्ट तिच्या गावाची नसती, घनसावंगीच्या कुठल्या गावाची असती, तर आलं असतं. हे तिला कबूल करावं लागलं.

आणि शेजारी साळूबाई हसली. एकदम, फुटल्यासारखी. तोंडावर पदर दाबला तरी खांदे हलत होते. पुढच्या दोन बायकांनी वळून बघितलं आणि झटकन माना फिरवल्या. साळूबाईनं त्यांना बघितलं आणि तिचं हसणं जागीच थांबलं.

कडूबाचं नाव गुरुजींनी घेतलं नाही. तो त्या गोष्टीत कुठं बसतच नव्हता. कार्यक्रम संपल्यावर गुरुजींना हार घातला गेला. एकजण माईकवर म्हणाला, असा निर्भीड माणूस आपल्या जिल्ह्यात दुसरा नाही. गुरुजींची नजर गर्दीवरून फिरताना लिंबाखाली क्षणभर थांबली, असं उषाबाईला वाटलं. ती उठली आणि साळूबाईला हात दिला.

रस्त्यानं दोघी बऱ्याच पुढं आल्या तेव्हा साळूबाई म्हणाली, "बाई, मी हसले."

"हसली तर हसली."

"मालकाला जाऊन सहा महिने न्हाई झाले."

"हसू येतंच तसं," उषाबाई म्हणाली. "मीबी हसलेली हाये, माझ्याच बेअब्रूला. तुझा काय दोष."

साळूबाई थोडी चालली आणि थांबली. "पण टाकी तर भरलेली व्हती की. पहाटे चारला उठून त्यांनी भरली. मीच चहा दिल्ता."

"व्हती भरलेली."

"मंग गुरुजींनी रिकामी का म्हणलं?"

उषाबाईला उत्तर ठाऊक होतं. भरलेली म्हटलं असतं तर कुणी हसलं नसतं. पण ते तिला साळूबाईला सांगवेना. ती म्हणाली, "त्यांना कुणी सांगितलं नसंल." आणि हे खोटं आपण का बोललो, गुरुजींना वाचवायला की साळूबाईला, याचा विचार करत ती चालत राहिली.

त्या निवडणुकीत तातेरावांचं पॅनल पडलं. नवी सरपंच उषाबाईच्या चुलत दिराची सून झाली. तिनं पहिल्या बैठकीत पडलेल्या टाकीच्या जागी नवीन टाकीचा ठराव केला, आणि काम कुणाला द्यायचं ते दिरानं सांगितलं. साळूबाईला पंचायतीत झाडायचं काम मिळालं. सकाळी झाडून झालं की ती उषाबाईकडं येते. दोघी चहा घेतात. हातपंपाच्या मंत्र्याची कॅसेट घरात अजून आहे. धर्मराज ती लावत नाही. उषाबाईनं त्याला तसं कधी सांगितलेलं नाही.